आपत्ती निसर्गाची की व्यवस्थेची?

आमच्या कोपरीच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला की नाल्याचे पाणी खाडीत उतरत नाही. ते मागे फिरते आणि प्रथम सखल घरांत शिरते. पाणी ठराविक घरांतच का शिरते? विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचा कार्यकारणभावाने विचार करू.

आपत्ती तीन गोष्टी एकत्र आल्याने घडते : अतिवृष्टी वा दरडीसारखे संकट, त्या संकटाच्या वाटेवरील वस्ती आणि ते झेलण्याची माणसांची ताकद. पहिली गोष्ट बव्हंशी निसर्गाच्या हाती. उरलेल्या दोन समाज घडवितो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मि.मी., तर कुलाब्यात सुमारे ७३ मि.मी. पाऊस झाला. हा भेद निसर्गाचा. परंतु एकाच भागात वरच्या मजल्यावरचे कोरडे राहिले आणि बैठ्या घरांतले धान्य व कागदपत्रे गेली, हा भेद माणसाचा.

पूर्वी गावकुसाबाहेरची जागा जात ठरवीत असे. १९७२ च्या दुष्काळात पोटासाठी अनेक कुटुंबे शहरांत आली. येथे जागा भाव ठरवितो. गरिबाला परवडतो तो डोंगरउतार, नाल्याचा काठ, रुळालगतची पट्टी. घाटकोपरच्या आझादनगरात १२ जुलै २००० रोजी दरड कोसळून साठांहून अधिक माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये कळव्याच्या घोलाईनगरात पाच जण गेले. मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी ना पाऊस होता, ना भूकंप; तरीही अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. तेथे निसर्गाला दोष कसा द्यावा?

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ६१ नुसार मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करता येत नाही. हे कलम प्रत्येक सभासदाला ठाऊक हवे. मदत ही भीक नव्हे, हक्क आहे. पण पंचनाम्याच्या वेळी ज्याचे कागद वाहून गेले, त्याला तो हक्क सिद्ध करणेही कठीण जाते.

म्हणून पावसाळ्यापूर्वी आपण एवढे करू : वस्तीतील वृद्ध, अपंग व एकट्या राहणाऱ्यांची यादी, तुंबणाऱ्या नाल्यांचा नकाशा आणि प्रत्येक घराच्या कागदपत्रांच्या प्रती उंच, कोरड्या जागी. नकाशा प्रभाग कार्यालयात लेखी अर्जासह देऊन पोच घ्यावी. हे काम विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. शिक्षणाचा उपयोग येथूनच सुरू होतो.