कल्पनेचे राज्य

दिवाळीची सुटी जवळ आली, की ठाण्याच्या खोपट भागात मुलांची धांदल उडते. चाळींच्या आणि इमारतींच्या अंगणांत दगड, विटांचे तुकडे, जुनी गोणपाटे आणि लाल माती गोळा होऊ लागते. दगडविटा रचून त्यांवर चिखलात भिजवलेले गोणपाट पांघरले, मातीने लिंपले आणि वर अळीव किंवा मोहरी पेरली, की थोड्याच दिवसांत डोंगराच्या उतारावर हिरवे रान उगवते. माथ्यावर सिंहासनावर शिवाजी महाराज बसतात, दरवाजावर मावळे उभे राहतात, आणि पायथ्याशी शेतकरी, गवळण व वाघ गुण्यागोविंदाने नांदू लागतात. महाराष्ट्रातील गावोगावच्या मुलांचा हा आवडता उद्योग आहे.

किल्ला पुरा झाला, की पाहायला आलेले एखादे आजोबा हमखास विचारतात, “काय रे, गडावरची माणसे पाणी कुठले पितात?” मुले क्षणभर एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात आणि मग कोणीतरी धावत जाऊन करवंटीचे टाके बसवते. हा प्रश्न साधा वाटतो, पण तो फार मोलाचा आहे. सुमारे १७१५ साली रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रातही हीच चिंता दिसते. किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, असे ते बजावतात. नुसत्या झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटण्याचा संभव असतो; म्हणून टाकी खोदून पाणी साठवावे, असेही ते सांगतात. खरा गड असो की मातीचा, तेथे माणसे राहणार असतील तर त्यांच्या तहानेचा विचार आधी करावा लागतो. ज्या क्षणी मुले हा विचार करू लागतात, त्या क्षणी मातीचा ढिगारा एक लहानसे जग होतो.

खेळण्यांतून जग उभे राहिल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील आहे. १८२६ साली हॉवर्थ गावच्या ब्राँटे नावाच्या धर्मोपदेशकांनी आपल्या मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. शार्लट दहा वर्षांची, ब्रॅनवेल आठ वर्षांचा, एमिली सात वर्षांची आणि अ‍ॅन सहा वर्षांची होती. भावंडांनी एकेक शिपाई आपला म्हणून निवडला, त्यांना नावे दिली, त्यांच्यासाठी नगर वसवले. पुढे त्या नगरातून राज्ये निर्माण झाली. त्यांचे इतिहास मुलांनी मुंगीएवढ्या अक्षरांत, तळहातात मावतील अशा वह्यांत लिहून ठेवले. याच तिघी बहिणी मोठेपणी इंग्रजीतील नामवंत कादंबरीकार झाल्या.

आता असे जग रचून त्यात प्रत्यक्ष खेळायचे असेल, तर काय करावे? भातुकलीत आपण आई होतो, पाहुणे होतो; चोर-शिपायांच्या खेळात चोर होतो, शिपाई होतो. दुसऱ्याची भूमिका घेऊन खेळणे आपल्याला नवे नाही. परंतु तेथे एक अडचण हटकून येते. “मी तुला पकडले,” असे शिपाई म्हणतो. “छट्, मी केव्हाच निसटलो,” असे चोर म्हणतो. दोघेही हट्टाला पेटतात आणि खेळ मोडतो. कल्पनेला मर्यादा नसते, हे तिचे वैभव आहे. पण चार जणांची कल्पना एकत्र नांदायची असेल, तर नियम हवा आणि तो नि:पक्षपणे लावणारा कोणी तरी हवा.

ही गरज प्रशियाच्या सैन्यालाही भासली होती. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर खेळावयाचा युद्धाचा खेळ तेथील सेनाधिकाऱ्यांपुढे मांडला. दोन्ही पक्ष आपापल्या आज्ञा एका पंचाला देत. पंच फासे टाकून परिणाम ठरवी आणि ज्याला जेवढे दिसणे शक्य आहे, तेवढेच त्याला सांगे. पुढे अमेरिकेत १९७१ च्या सुमारास डेव्ह आर्नेसन या तरुणाने ‘ब्लॅकमूर’ नावाचा काल्पनिक मुलूख रचला. त्याच्या खेळात प्रत्येक खेळाडू सैन्याचा नव्हे, तर एकाच वीराचा कारभार पाहू लागला. आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स या दोघांनी मिळून केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या केवळ १००० प्रती निघाल्या; आज हा खेळ जगभर खेळला जातो.

या खेळाची रीत अशी आहे. चार-पाच मित्र मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात, आणि जेथे यश अनिश्चित असते तेथे फासा पडतो. समजा, ओढ्यावरून उडी मारायची आहे आणि चार किंवा त्याहून अधिक दान पडले तरच ती साधते. मग सहापैकी तीन दाने अनुकूल असतात, म्हणजे यशाची शक्यता निम्मी असते. फाशाला राजा आणि रंक सारखेच! या खेळात जिंकणारा किंवा हरणारा पक्ष नसतो. सर्वांनी मिळून एक कथा घडवायची असते. पुष्कळ सूत्रधार तयार छापील जग न घेता आपले जग आपणच रचतात. घरच्या लोणच्याला जशी घरचीच चव असते, तशी या घरगुती जगाला त्याच्या रचणाऱ्याची चव असते.

असे जग रचण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. खोपटमध्ये सिद्धेश्वर तलाव आहे, एस. टी. चे आगार आहे. शहराच्या पश्चिमेस येऊरचे डोंगर आहेत, पूर्वेस खाडी आहे. एवढ्यावर राज्य उभे राहू शकते. आगाराच्या जागी दाही दिशांच्या वाटा मिळणारी धर्मशाळा कल्पावी. येऊरच्या रानात बिबट्यांशी सख्य असलेले डोंगरकरी राहतात, खाडीवर नावाड्यांची वस्ती आहे, असे मानावे. मग आजोबांचा प्रश्न विचारावा: येथे पाणी कोणाचे? तळ्याचे पाणी पाटाने शेतांत सोडणारा पाटकरी कोणाचे ऐकतो? डोंगरकऱ्यांना काय हवे आहे, आणि नावाड्यांना कशाची भीती वाटते? उत्तरे मिळू लागली, की नकाशात जीव येतो.

अशा जगात जादूही असावी. मात्र तिचे मोल ठरलेले असावे. समजा, या राज्यातील तळे बोलते. त्याला काहीही विचारावे, ते खरे उत्तर देते. पण प्रत्येक उत्तराबद्दल विचारणाऱ्याची एक आठवण ते कायमची ठेवून घेते. हा नियम एकदा केला, की तो राजालाही लागू आणि सूत्रधारालाही. फुकटच्या जादूने कोणतेही संकट चुटकीसरशी सुटते आणि ऐकणाऱ्याला त्यात गोडी उरत नाही.

सूत्रधाराची खरी परीक्षा मात्र खेळ सुरू झाल्यावर होते. समजा, या राज्यात दुष्काळ पडला आहे आणि पाटकऱ्याने पाट बंद केला आहे. सूत्रधाराने मनात मोठी लढाई योजून ठेवली आहे. पहारेकऱ्यांची संख्याही लिहून ठेवली आहे. पण नावाड्याची भूमिका करणारी मुलगी म्हणते, “मी लढत नाही. मी तळ्याला विचारते, जुना झरा कोठे बुजला आहे?” आता सूत्रधाराने काय करावे? तळे मुके झाले, असे सांगून तो आपली लढाई वाचवू शकतो. राज्य त्याचेच आहे, त्याला कोण अडवणार? पण तसे केले तर नियम खोटा ठरतो, आणि आपल्या निर्णयाला येथे किंमत नाही, हे खेळाडूंना उमगते. मग ते नुसते श्रोते उरतात. चांगला सूत्रधार आपली लढाई मुकाट्याने बाजूला ठेवतो. तळे झऱ्याची जागा सांगते, आणि त्या बदल्यात नावाडी आपल्या आईने शिकवलेले गाणे कायमचे विसरतो. राज्याला पाणी मिळते, पण त्याची किंमत एका माणसाने मोजलेली असते. अशी कथा सूत्रधाराला एकट्याला सुचली नसती.

जग निर्माण करण्याची शक्ती मिळाली, की मनुष्याला वाटते, आता सर्व काही माझ्या इच्छेप्रमाणे चालेल. हा खेळ त्याला नेमके उलट शिकवतो. आपणच केलेला नियम आपण पाळावा, दुसऱ्याचा निर्णय आपल्याला न रुचला तरी त्याला वाव द्यावा, आणि ज्यांच्यासाठी राज्य मांडले त्यांच्या तहानेची आधी काळजी घ्यावी. मेजावरच्या राज्यात जो हे शिकतो, त्याला मेजाबाहेरच्या जगातही ते उपयोगी पडल्यावाचून राहत नाही.

शब्दार्थ
टाके – पाणी साठवण्यासाठी खडकात खोदलेला हौद. पाट – शेताला पाणी नेणारा कालवा. पाटकरी – पाटाचे पाणी वाटून देणारा. दान – फासा टाकल्यावर पडलेला आकडा. सख्य – मैत्री.

अभ्यास
१. आजोबांच्या प्रश्नामुळे मातीच्या किल्ल्यात कोणता बदल होतो?
२. भातुकली आणि चोर-शिपाई यांच्याहून हा खेळ कोणत्या बाबतीत वेगळा आहे?
३. नावाड्याच्या प्रश्नाला तळ्याने उत्तर दिले नसते, तर खेळाचे काय झाले असते? तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावाचा किंवा मोहल्ल्याचा नकाशा काढा. त्यावर एक काल्पनिक राज्य वसवा आणि तेथील जादूचा एक नियम व त्याचे मोल लिहा.