कारवानी कुत्रा व शेतकऱ्याचें घर

शेतीविषयक मासिकांतून बैल, गाय, म्हैस व शेळी ह्यांजविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु दारांतील कुत्र्याविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. वास्तविक लिंबागणेश व त्याच्या भोंवतालच्या बालाघाटावरील गांवांतून जो शेतकरी रानांत वस्ती करून राहतो, त्याच्या घरीं कुत्रा नाहीं असें क्वचितच आढळेल. रात्रीं खळ्यावरील रास, गोठ्यांतील वांसरें व कोंडवाड्यांतील शेळ्या ह्यांची पहिली राखण तोच करतो. हा कुत्रा बहुधा गांवठी असतो. तथापि उंच, सडपातळ व वाऱ्यासारखा धांवणारा कारवानी कुत्रा आपल्या दारीं असावा, अशी हौस पुष्कळ तरुण शेतकऱ्यांस असते. ही हौस धरण्यापूर्वीं कोणत्या गोष्टी जाणून घ्याव्या, त्याचा विचार आम्हीं ह्या लेखांत करणार आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हा कुत्रा ज्या कामासाठीं घडला तें काम आतां कायद्यानें बंद झालें आहे. तेव्हां त्यास दुसरें काम, रोजची धांव व लहानपणापासून शिस्त देण्याची ज्याची तयारी असेल, त्यानेंच तो आणावा.

जातीची ओळख

तांड्यांबरोबर म्हणजे कारवानांबरोबर वायव्येकडून दक्षिणेंत आलेला, म्हणून कारवानी, अशी ह्या नांवाची उपपत्ति सांगतात. मराठवाडा, सोलापूर, सांगली व त्यांस लागून असलेला कर्नाटकाचा भाग हा त्याचा मुलूख होय. कानांवर व शेपटीवर लांब केंस असणाऱ्या प्रकारास पश्मी म्हणतात. लातूर जिल्ह्यांतील जानवळ हें गांव ह्या कुत्र्यांसाठीं नांवाजलेलें आहे. नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांतील माळेगांव येथें मार्गशीर्षांत खंडोबाची यात्रा भरते, तींत घोडे व गाढवें ह्यांच्याबरोबर कुत्र्यांचेंही प्रदर्शन होतें. खंडोबाच्या वाघ्यास देवाचा कुत्रा म्हणवून घेण्यांत भूषण वाटतें, हें लक्षांत घेतां त्या यात्रेंत कुत्र्यास मान मिळावा हें योग्यच आहे.

मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनीं ह्याच वळणाच्या कुत्र्यांची पैदास आपल्या संस्थानांत हातीं घेतली, व त्यांतील एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज ह्यांस नजर केली. तेव्हांपासून मुधोळी हें नांव रूढ झालें. सन २००५ मध्यें भारतीय टपाल खात्यानें देशी कुत्र्यांचीं चार तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळीचें एक होतें. आणि सन २०१६ मध्यें भारतीय सैन्यानें मेरठच्या आपल्या केंद्रांत हीं कुत्रीं शिक्षणासाठीं घेतलीं.

अंगलटीवरून हा कुत्रा सहज ओळखूं येतो. खांद्यापाशीं उंची सव्वादोन फुटांच्या आसपास, डोकें लांब व निमुळतें, छाती खोल, पोट वर ओढलेलें, पाय लांब. पहिल्यानें पाहणारास तो उपाशी ठेवला आहे असें वाटतें. पण निरोगी कारवानीच्या शेवटच्या दोनतीन बरगड्या दिसावयाच्याच. त्यास चारून लठ्ठ करणें ही त्याची सेवा नव्हे.

सहवासाचें सुख

कारवानी घरांत शांत असतो. पान हाललें कीं भुंकणें, वाटसराच्या मागें लागणें, हे गुण त्याच्यांत थोडे. दिवसाचा पुष्कळ वेळ तो पोत्यावर पडून असतो; मात्र त्याची नजर दूरवर असते. गांवठी कुत्रा वासानें व आवाजानें सावध होतो, तर हा मुख्यतः डोळ्यांनीं. माळावर अर्ध्या कोसावर कांहीं हाललें, तर तो कान टवकारून उभा राहतो, व त्यावरून धन्यास कळतें कीं तेथें कांहींतरी आहे. आंखूड केंसांमुळें तो उन्हाळा इतर पुष्कळ जातींपेक्षां बरा सोसतो, त्याच्या अंगास दुर्गंधी कमी येते व त्याची निगाही थोडी लागते. घरच्या माणसांवर त्याचा लोभ गाढ असतो, परंतु तो सलगीनें दाखवीत नाहीं. परक्यानें अंगावर हात टाकलेला त्यास खपत नाहीं. मारानें तो बिघडतो. गोड बोलून व घांस देऊन शिकविला तर शिकतो.

जगांत अशा स्वभावाचीं दुसरींही कुत्रीं आहेत. आफ्रिकेंतील काँगोच्या खोऱ्यांत बसेंजी नांवाचा ताठ कानांचा व शेपटीचें वेटोळें पाठीवर घेणारा एक लहानसर कुत्रा आहे. तो सहसा भुंकत नाहीं. चढउताराचा निराळाच सूर काढतो. म्हणून तेथील शिकारी त्याच्या गळ्यांत लांकडी घंटा बांधून त्यास सावज जाळ्याकडे हांकण्यास सोडीत. मांजरासारखें अंग चाटून तो स्वतःस स्वच्छ ठेवतो, व त्याची मादी बहुधा वर्षांतून एकदांच माजावर येते. सन १९३७ च्या सुमारास ही जात इंग्लंडांत स्थिरावली व पुढें अमेरिकेंत पसरली. तेथें तो घरोघरीं आवडता झाला, परंतु त्याबरोबर तक्रारीही आल्या : एकटा ठेवला कीं सामान कुरतडतो, कुंपण चढून जातो, सावज दिसलें कीं हांकेस फिरत नाहीं. आपल्याकडे कारवानी बाळगणारांस हीं गाऱ्हाणीं ओळखीचीं वाटतील. कारण दोहोंचें एकच. माणसानें शेंकडों वर्षें ज्याला स्वतःच्या बुद्धीनें सावजामागें जाण्यास निवडलें, तो उंबऱ्याशीं आल्याबरोबर आज्ञाधारक होत नाहीं.

बसेंजीपासून आणखी एक धडा घेण्याजोगा आहे. परदेशांत त्याचा वंश थोड्याशा जनावरांपासून वाढविला गेला. त्यामुळें मूत्रपिंडाचा एक आनुवंशिक रोग त्या जातींत फार पसरला. त्यांत लघवीवाटे साखर व शरीरास लागणारीं द्रव्यें वाहून जातात. अखेर रक्ताची परीक्षा करून जोड्या लावण्याची पाळी पैदास करणारांवर आली. आपल्याकडेही नांवाजलेल्या एकाच नराची सर्वत्र मागणी होते, व पुढें त्याचींच पिलें आपसांत लावलीं जातात. जो शेतकरी सांगडीच्या वळूविषयीं दक्ष असतो, त्यानें कुत्र्याच्या बाबतींतही भाऊबहीण किंवा बापलेंक अशी जोडी लावूं नये. पिलूं घेतांना त्याचे आईबाप पाहावे, व आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं आईपासून तोडूं नये.

मुख्य अडचण : धांव व कायदा

पूर्वीं ससा, हरिण ह्यांच्या मागें हा कुत्रा सोडीत. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ही शिकार बंद झाली. कुत्रा सोडून सावजाचा पाठलाग करणें, तें हांकणें हेंही त्या कायद्यांत शिकारच मानलें आहे. सावज मेलें नाहीं एवढ्यानें सुटका होत नाहीं. काळवीट व चिंकारा हे पहिल्या अनुसूचींत असून त्यांच्या शिकारीस तीन ते सात वर्षें कैद व दंड अशी शिक्षा आहे. ससाही संरक्षित आहे. आपल्या शेजारीं पाटोदा तालुक्यांत नायगांवचें मयूर अभयारण्य आहे, हें मोरांच्या पाठीमागें कुत्रा सोडणारांनीं विसरूं नये. रानडुकरें व हरिणें पिकाची नासाडी करतात हें आम्ही जाणतों. परंतु त्याची दाद वनखात्याकडे पंचनाम्यानें मागावी, कुत्र्यानें नव्हे.

कायद्याची अट अशी, आणि कुत्र्याचा स्वभाव तसा. ह्या दोहोंमध्यें शेतकरी सांपडतो. म्हणून खालील गोष्टी अवश्य पाळाव्या.

पहिली, रोज सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं व संध्याकाळीं त्यास लांब दोरीनें किंवा कुंपण असलेल्या रानांत तासभर धांवूं द्यावें. दिवसभर साखळीला बांधलेला कारवानी चिडका होतो, व सुटला कीं दांडगाई करतो.

दुसरी, पिलूं दोन महिन्यांचें असल्यापासून शेळ्या, करडें व कोंबड्या ह्यांच्यांत धन्याच्या देखत वाढवावें. पळणारी वस्तु दिसतांच मागें लागणें हें त्याच्या रक्तांत आहे. लहानपणीं ज्यांच्याबरोबर तो निजला-बसला, त्यांस तो बहुधा सावज समजत नाहीं. तरीही करडांजवळ त्यास एकटा सोडूं नये.

तिसरी, त्याच्याकडून धनगराच्या भारी कुत्र्याचें काम मागूं नये. कळपापाशीं ठाण मांडून लांडग्याशीं झुंजणें हा त्याचा पिंड नाहीं. वस्तीवर एक गांवठी व एक कारवानी अशी जोडी असल्यास एक आवाज देतो व दुसरा धांवतो, आणि काम चांगलें होतें.

चौथी, रात्रीं त्यास अंगणांत बांधून ठेवूं नये. सन २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यांत बिबट्यानें माणसें मारलीं, ती आठवण ताजी आहे. बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यास आमंत्रण होय. त्याची जागा गोठ्याच्या आंत, दार लावून असावी. हाडांवर मांस थोडें असल्यानें त्यास थंडी लवकर बाधते व नुसत्या फरशीवर घट्टे पडतात. खालीं पोतें किंवा कडबा घालावा.

आहार व रोग

बाजरीची नुसती भाकरी ताकांत कुसकरून घालण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. पोट भरण्यास ती पुरते, पण धांवणाऱ्या कुत्र्याचें अंग धरण्यास पुरत नाहीं. तींत शिजविलेली डाळ, अंडें किंवा शिजविलेलें मांस ह्यांपैकीं कांहीं रोज असावें. कांदा, लसूण व द्राक्षें कुत्र्यास विषारी आहेत. जेवण दोन वेळां विभागून द्यावें, व जेवणानंतर लगेच धांवूं देऊं नये. खोल छातीच्या कुत्र्यांचें पोट फुगून त्यास पीळ पडतो व तो कांहीं तासांत दगावतो.

मेंढ्या बाळगणारांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढीच्या काळजांत व फुप्फुसांत पाण्यानें भरलेले फोड आढळतात. ते कच्चे कुत्र्यास घातले, तर त्याच्या आंतड्यांत बारीक कृमि वाढतात. त्यांचीं अंडीं विष्ठेवाटे गवतांत पडून पुन्हां मेंढीच्या व क्वचित् माणसाच्याही पोटांत जातात, आणि माणसाच्या काळजांत तसेच फोड होतात. दुसऱ्या एका कृमीमुळें मेंढीच्या मेंदूंत फोड होऊन ती एकाच बाजूस गरगर फिरूं लागते. म्हणून असे अवयव खोल पुरावे किंवा जाळावे, व पशुवैद्याच्या सल्ल्यानें कुत्र्यास दर तीन महिन्यांनीं जंताचें औषध द्यावें.

सर्वांत मोठें भय पिसाळण्याचें. हा रोग एकदां दिसूं लागला कीं बहुतेक कोणीच वांचत नाहीं. परंतु लशीनें तो टळतो. पिलास तिसऱ्या महिन्यांत लस टोंचावी, नंतर पशुवैद्य सांगेल तेव्हां पुन्हां, व पुढें दरवर्षीं. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी; तिखट, चुना, हळद कांहीं लावूं नये; त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें व सांगितलेल्या तारखांस सर्व लशी पुऱ्या कराव्या. जखम खोल असेल तर लशीबरोबर जखमेंत टोंचण्याचें निराळें औषधही लागतें, तें मागून घ्यावें. गाय किंवा बैल चावला गेल्यास त्यासही लस देतां येते. शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास कुत्रा कारवानी आहे हें पशुवैद्यास आधीं सांगावें. अंगांत चरबी थोडी असल्यानें भुलीचीं कांहीं औषधें ह्या जातीस फार वेळ बाधतात.

ऊसतोडीचे दिवस

शेवटीं एक गोष्ट आमच्या जिल्ह्यापुरती. दसरा-दिवाळीनंतर येथील हजारों कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्यांत परततात. गुरें बरोबर जातात किंवा नातलगांकडे राहतात. कुत्रा मात्र पुष्कळदां दारांतच सुटतो. दोनतीन आठवडे तो ओसाड घरापाशीं बसतो, मग उपाशीं कुत्र्यांच्या टोळींत मिसळतो. अशा टोळींत गेलेला कारवानी गांवठी कुत्र्यांस धांवण्यांत पुढारी मिळतो, आणि त्याचें फळ मागें राहिलेल्या शेजाऱ्याच्या शेळ्यांस व माळावरील हरिणांस भोगावें लागतें. लस न टोंचलेला असा कुत्रा म्हाताऱ्यांच्या व मुलांच्या गांवांत फिरणें किती धोक्याचें, हें सांगणें नलगे.

म्हणून आमची सभासद बंधूंस सूचना अशी कीं, ज्यांस सहा महिने घर बंद ठेवावें लागतें, त्यांनीं कारवानी आणूं नये. आधींच असेल तर जाण्यापूर्वीं गांवांतील एका घराशीं त्याच्या खाण्याचा व बांधण्याचा करार धान्य किंवा पैसा ठरवून करावा. जसा आपण गाईविषयीं करतों तसाच. मादीचें गर्भाशय काढून घ्यावें, म्हणजे बेवारशी पिलांची भर पडत नाहीं. जे शेतकरी बारमाही वस्तीवर राहतात, ज्यांचें रान कुंपणाचें आहे व ज्यांस रोज तासभर देतां येतो, त्यांनीं हा कुत्रा खुशाल पाळावा. तो त्यांस चांगली सोबत देईल, व आपल्या मुलखांत घडलेली एक उत्तम जातही त्यांच्या हातून टिकेल. बाकीच्यांनीं दारांतील गांवठी कुत्र्यासच वर्षास लस व रोज पोटभर भाकरी द्यावी. राखणीस तो पुरेसा आहे.