नळीच्या आतला दगड

अ‍ॅल्युमिना रिफायनरीत माझी उमेदीची वर्षं गेली. बाहेरच्या माणसाला या धंद्यातली एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे लाल चिखलाचे तलाव. तो प्रश्न मोठा आहेच. पण आत काम करणाऱ्यांचे दिवस आणि रात्री ज्याच्यामागे जातात, ते स्केल. गरम कॉस्टिकचं द्रावण, आमच्या भाषेत लिकर, जिथून जिथून वाहतं तिथे तिथे दगडाचा थर धरतो. नळ्यांत, टाक्यांच्या भिंतींवर, व्हॉल्व्हच्या सांध्यांत. त्या दगडानं जे शिकवलं, त्यातलं थोडं.

१. स्केल ही घाण नव्हे. आपण जे मुद्दाम घडवतो, तेच नको त्या जागी घडलं की त्याला स्केल म्हणायचं. ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञ कार्ल योसेफ बायर यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये काम करताना १८८८ साली जे पेटंट घेतलं, त्याचा गाभाच हा आहे : अ‍ॅल्युमिना विरघळलेल्या लिकरमध्ये आधी तयार असलेले हायड्रेटचे, म्हणजे पाणी धरलेल्या ॲल्युमिनाचे, कण सोडले, की त्यांच्यावर नवं हायड्रेट बसत जातं. या कणांना आम्ही ‘सीड’ म्हणतो. तेव्हा हा माल कापड रंगवण्याच्या कामी हवा होता. आज जगातलं बहुतेक अ‍ॅल्युमिनियम याच वाटेनं येतं. पण लिकरला सीड आणि पोलाद यांत फारसा भेद नाही. त्याला पृष्ठभाग हवा. म्हणून प्रेसिपिटेशनच्या, म्हणजे हे हायड्रेट बसवून घेण्याच्या, उंच टाक्यांत हायड्रेट कणांवर बसतं तसं भिंतींवरही बसतं, आणि एखाद दिवशी त्याचा भलामोठा तुकडा निखळून तळाशी वाट अडवतो. टाकी रिकामी करून गरम, कडक कॉस्टिक फिरवलं की हे थर पुन्हा विरघळतात. माल परत मिळतो. वेळ मिळत नाही.

२. सिलिकाला अडवता येत नाही, तिची बसण्याची जागा मात्र आपल्याला ठरवता येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पठारांवरून बेळगावच्या रिफायनरीला जाणारं बॉक्साइट, म्हणजे आमचा कच्चा माल, घ्या किंवा ओडिशातल्या पंचपतमाळीचं घ्या, त्यात थोडी तरी चिकणमाती असतेच. तिच्यातली सिलिका कॉस्टिकमध्ये विरघळते आणि सोडा व अ‍ॅल्युमिना सोबत घेऊन सोडालाइट नावाचं खनिज होऊन परत बाहेर पडते. अशी एक किलो सिलिका साधारण एक किलो कॉस्टिक गिळते. म्हणून बॉक्साइटचा लगदा डायजेस्टरकडे, म्हणजे बॉक्साइट कॉस्टिकमध्ये विरघळवण्याच्या पात्राकडे, पाठवण्याआधी शंभर अंशांच्या आसपास कित्येक तास ढवळत ठेवतात, म्हणजे सोडालाइट टाकीतच, लगद्यातल्या कणांवर बसून घेतं आणि हीटरच्या नळ्या वाचतात. याला प्री-डिसिलिकेशन म्हणतात. काहीही न करता नुसतं थांबण्यासाठी एवढ्या मोठ्या टाक्या बांधाव्यात, याचं मला सुरुवातीला फार नवल वाटायचं. पुढे कळलं, अख्ख्या रिफायनरीत याहून शहाणपणाची टाकी दुसरी नाही.

३. जी नळी सर्वांत गरम, ती सर्वांत आधी भरते. घरच्या गिझरच्या कॉइलवर क्षार धरतात, तसंच. सोडालाइट गरम लिकरमध्ये अधिक झपाट्यानं बाहेर पडतं, म्हणजे जिथे उष्णता द्यायची नेमकी तिथेच ते बसतं. वाफ तेवढीच देऊनही लिकर दोन-चार अंश कमी तापायला लागतं. मग वाफ वाढवायची, म्हणजे बॉयलरमध्ये जादा कोळसा. कंट्रोल रूममध्ये कुठलाही दिवा लाल होत नाही. रोजच्या लॉगशीटवरचा एक आकडा हळूहळू खाली सरकत असतो, एवढंच. तो आकडा रोज स्वतःच्या हातानं लिहिणारा ऑपरेटर मला कुठल्याही उपकरणाहून भरवशाचा वाटत आला.

४. दगडादगडांत फरक असतो. सोडालाइट सौम्य सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये फसफसत विरघळतं. पण अ‍ॅसिड थकलं, की सुटलेल्या सिलिकाची खळ होऊन तीच नळ्या बुजवते. पोलाद वाचवायला अ‍ॅसिडमध्ये गंज रोखणारं इनहिबिटर घालतात, तरी ते जास्त वेळ फिरवलं तर नळी खाल्ली जाते आणि हायड्रोजन सुटतो. आणि जिथलं बॉक्साइट बोहमाइट या खनिजाचं, डायजेस्टर दोनशे चाळीस अंशांवर, तिथे चुना आणि टायटॅनियम मिळून जो तपकिरी थर देतात, त्याला सल्फ्युरिक अ‍ॅसिड जुमानत नाही. तिथे पाण्याचा प्रचंड दाबाचा फवारा, नाहीतर छिन्नी.

५. उपाय निघतात, आणि कधी अगदी अनपेक्षित बाजूनं. सोडालाइटचे स्फटिक जन्मतानाच रोखणारं एक पॉलिमर सायटेक या कंपनीनं बनवलं; २०१२ साली त्याला अमेरिकेत हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. लिकरमध्ये ते अगदी थोडं सोडलं तरी हीटर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त काळ स्वच्छ राहतात. अ‍ॅसिड कमी लागतं, वाफही कमी. टायटॅनियमच्या आणि हायड्रेटच्या थरांवर मात्र त्याची मात्रा चालत नाही.

६. शेवटी दगड फोडायला माणूसच आत जातो. टाकीच्या नळजोडण्यांना वाट बंद करणारे ब्लँक लावायचे, हवा खेळवायची, ऑक्सिजन तपासायचा, परमिटवर सह्या, मॅनहोलशी पहाऱ्याला एक जण, आणि मग हेल्मेट-गॉगल घालून हातात न्युमॅटिक हातोडा. हे लोक बहुतेक कंत्राटी. त्यांच्यातल्या एका वयस्कर मुकादमाला मी मामा म्हणायचो. ते आधी साध्या हातोडीनं भिंत ठोकत जायचे. एके ठिकाणी आवाज बद्द आला. “साहेब, मागं सरका. हितं मागं पानी हाय.” पाणी म्हणजे लिकर, थराच्या पोटात अडकून राहिलेलं, छिन्नी लागताच तोंडावर उडणारं. त्यांनी आधी बाजूनं बारीक भोक पाडलं, राखाडी धार संथ ओघळू दिली, आणि मगच पोरांना पुढे बोलावलं. अ‍ॅसिड लगेच झोंबतं. कॉस्टिक तसं नाही, ते कातडीत उतरल्यावर कळतं, आणि डोळ्यात गेलं तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मामांचं हे ज्ञान कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हतं. मी ते कामाच्या लेखी सूचनांत घालून घेतलं, त्यांच्या नावासकट.

शटडाउनच्या अहवालात किती टन स्केल निघालं, किती दिवस लागले, हे असतं. किती माणसं किती तास टाकीच्या आत होती, हा रकाना नसायचा. तो मी हट्टानं घालायला लावला. पुढच्या वर्षीच्या बैठकीत प्री-डिसिलिकेशनला आणखी एक टाकी हवी का, हा विषय निघाला तो त्या रकान्यावरून.