पोर्टफोलिओ दिसतो कसा यापेक्षा त्यात आहे काय

पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोहोचलेल्या मुलांना हल्ली सगळीकडून एकच सल्ला मिळतो: ऑनलाइन पोर्टफोलिओ करा. मग मुलं टेम्प्लेट शोधतात, कोट घालून फोटो काढतात, दोन-दोन दिवसांच्या कोर्सची सर्टिफिकेटं चढवतात, आणि आईवडील विचारतात, याने नोकरी लागेल का? अशा पोर्टफोलिओने फारसा फरक पडणार नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. समोरच्याला तुम्ही केलेलं एखादं काम तपासून बघता आलं, तरच त्या पानाला किंमत. आणि बारामती-इंदापूरच्या मुलांना असं काम करायला जेवढा वाव आहे, तेवढा मोठ्या शहरातल्या पुष्कळ मुलांना नाही.

निवड करणाऱ्याच्या जागी बसून बघा. एकाच शाखेच्या शंभर बायोडेटांत विषय तेच, गुण उन्नीस-बीस, आणि ‘मेहनती, जबाबदार’ ही विशेषणंही तीच. बारामतीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ चं, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासूनचं. पण दूरच्या शहरातल्या कंपनीत बसलेल्या माणसाला ही नावं ओळखीची असतीलच असं नाही. कॉलेजच्या नावाचा आधार जिथे कमी पडतो, तिथे कामालाच बोलावं लागतं. काम तर आता अभ्यासक्रमातच आलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने एप्रिल २०२३ मध्ये ठरवलेल्या श्रेयांक आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला जागा आहे. तरी होतं काय, तर रिपोर्ट स्पायरल बाइंडिंग होऊन जमा होतो, तोंडी परीक्षा उरकते आणि तो पुन्हा कुणी उघडत नाही.

उदाहरण जमिनीचंच घेऊ. नीरा डाव्या कालव्याचं पाणी या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलं. उसाने सुबत्ता आणली आणि निचरा न झालेल्या रानांत क्षारपड जमिनीचं दुखणंही आणलं. समजा, कृषी किंवा रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीने आपल्या गावातल्या अशा रानाचा अभ्यास केला. तिच्या पानावर सुरुवातीलाच एका वाक्यात प्रश्न असावा: कालव्यापासून लांब जावं तसे जमिनीतले क्षार कमी होतात का? खाली रानाचा हाताने काढलेला नकाशा आणि नमुने घेतलेल्या जागा. व्ही आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती काढतानाचा एक फोटो. मग सामू आणि विद्युत वाहकतेचा तक्ता, आणि त्याच्याखाली माती-पाण्याचं प्रमाण १:२.५ ठेवून मोजल्याची नोंद, कारण जाणकार माणूस पहिल्यांदा हेच शोधतो. शेवटी काय जमलं नाही तेही: पावसाळ्यानंतरचे नमुने घेता आले नाहीत, म्हणून निष्कर्ष उन्हाळ्यापुरताच. ही शेवटची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. आपल्या कामाची मर्यादा ज्याला कळते, त्याच्यावर काम सोपवायला समोरचा धजावतो. असं एक पान वीस सर्टिफिकेटांना भारी पडेल.

‘आमचा मुलगा कॉम्प्युटरचा आहे, त्याला मातीशी काय देणंघेणं?’ असं कुणी म्हणेल. बारामतीच्या अॅग्रीकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, त्याची चर्चा जगभर झाली. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. ती वापरून गावच्या उसाच्या वाढीचा आलेख काढणं हा संगणकाच्या विद्यार्थ्याचा उत्तम प्रकल्प होऊ शकतो. प्राणिशास्त्राच्या मुलांसाठी भिगवण-कुंभारगावचा उजनी धरणाचा जलाशय आहे. तिथे रोहित आणि इतर पाणपक्षी मोजून ई-बर्डवर तारीख, वेळ, ठिकाण आणि संख्येसह केलेल्या वर्षभराच्या नोंदी म्हणजे तयार पोर्टफोलिओच. खर्चाचं म्हणाल, तर गुगल साइट्स किंवा गिटहब पेजेसला पैसे पडत नाहीत. साधं पान कॉलेजच्या लॅबमध्ये दुपारभरात होतं.

आता एक खरी शंका: हल्ली एआय कुणालाही छान रिपोर्ट लिहून देतं, मग या पुराव्याला किंमत काय? म्हणूनच तर कच्चा माल जपायचा. मोजमापांची वही, एक्सेलची मूळ फाइल, चुकलेलं वाचन खोडून पुन्हा घेतल्याची खूण. मुलाखतीत ‘तिसऱ्या नमुन्याचा आकडा एवढा वेगळा का?’ असं विचारलं, तर उत्तर रानात गेलेल्यालाच देता येतं. प्रकल्प चौघांचा असेल तर आपला वाटा किती हे लिहा आणि बाकीच्यांची नावं त्यांना विचारून द्या. इंग्रजी कच्चं असेल तर वाक्यं छोटी ठेवा. भारदस्त उसनं इंग्रजी पहिल्या प्रश्नालाच उघडं पडतं.

मुलीची माहिती इंटरनेटवर जाईल ही पालकांची धास्ती मात्र रास्त आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. घरचा पत्ता, मोबाइल नंबर, जन्मतारीख, आधार आणि गुणपत्रिका पानावर नको. संपर्कासाठी वेगळा ईमेल पुरतो. चेहऱ्याचा फोटो नसला तरी काही अडत नाही. शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर त्याच्या संमतीशिवाय देऊ नका. एमआयडीसीतल्या कंपनीत ट्रेनिंग केलं असेल तर तिथली ड्रॉइंग किंवा मशीनचे फोटो परवानगीवाचून चढवू नका. काय शिकलो एवढं सांगितलं तरी भागतं.

राहता राहिली एमपीएससीची तयारी करणारी मुलं. त्यांना हे सगळं वेळ घालवणं वाटतं, आणि परीक्षा तोंडावर असताना ते बरोबरही आहे. पण पदवीचा प्रकल्प त्यांनाही करावाच लागतो. तो नीट करून त्याचं एक पान तयार ठेवायला आठवडाभराहून जास्त लागत नाही. जागा थोड्या आणि उमेदवार फार, हे गणित घरोघरी माहीत आहे. काही वर्षांनी खासगी नोकरीकडे वळायची वेळ आली, तर मधल्या काळाबद्दल प्रश्न येणारच, आणि तेव्हा हाताशी निदान एक दाखवण्याजोगं काम असेल.