संगणकाचे दोन वर्षांचे शिक्षण : फी भरण्यापूर्वी चार प्रश्न



उसाचे बिल हाती पडले की सोसायटीचे कर्ज, खताची उधारी आणि मुलांचे शिक्षण असे तीन हिशेब एकदमच पुढे उभे राहतात. पहिले दोन हिशेब आपण पै-पैचे करतो. तिसऱ्यात मात्र पुष्कळांची गफलत होते. बारावी झालेल्या पोराला 'कॉम्प्युटरचा कोर्स' लावायचा म्हणून मागतील तेवढी फी भरली जाते. वर्षाने एक रंगीत कागद मिळतो, पण तो पुढे कुठे चालतो हे विचारायचे राहून गेलेले असते. काय विचारावे हे समजण्यासाठी अमेरिकेतील 'कम्युनिटी कॉलेज'चे उदाहरण उपयोगी आहे.

हे कॉलेज म्हणजे काय?

असे पहिले सार्वजनिक कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट या गावी निघाले. तेथील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी ते उभे केले. घर न सोडता मुलांना कॉलेजची पहिली दोन वर्षे शिकता यावीत, हा हेतू. सुरवातीला विद्यार्थी होते फक्त ६! पुढे १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने अशी कॉलेजे देशभर काढण्याची शिफारस केली. आज ती हजाराच्या घरात आहेत.

यांचा कारभार आपल्या सभासदाला लगेच उमजेल. इलिनॉय, कॅलिफोर्निया अशा राज्यांत कॉलेजचे विश्वस्त त्या भागातील मतदार निवडून देतात, आणि खर्चाचा काही भाग तिथल्याच मालमत्ता करातून निघतो. म्हणून त्या भागातल्या रहिवाशाला फी कमी आणि बाहेरच्याला जास्त. दिवसा काम करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्गही असतात.

संगणकाचे काय शिकवतात?

यंत्र उघडून दुरुस्त करणे, अनेक यंत्रे एकमेकांना जोडणे म्हणजे नेटवर्क, प्रोग्रॅम लिहिणे, माहितीचा साठा नीट ठेवणे आणि चोरी-घुसखोरीपासून तो राखणे, असे हे विषय. नेटवर्कसाठी सिस्को कंपनीने १९९७ साली सुरू केलेला अभ्यासक्रम अशा पुष्कळ कॉलेजांत शिकवला जातो. त्याची कंपनीची परीक्षा कॉलेजबाहेर वेगळी द्यावी लागते. त्यामुळे मुलाला खरोखर काय येते, हे तिऱ्हाइताकडून कळते.

दोन वाटा

दोन वर्षांत साधारण ६० क्रेडिट पुरे केले की 'असोसिएट' पदवी मिळते. इथे नीट लक्ष द्या. एक वाट विद्यापीठाकडे जाते. विषय जुळले तर तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. दुसरी वाट लगेच नोकरीची. या दुसऱ्या वाटेचे सगळे विषय विद्यापीठ धरतेच असे नाही. आधी चौकशी न केलेल्या मुलाला पुढे तेच विषय पुन्हा शिकावे लागतात, आणि वेळ व पैसा दोन्ही जातात.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून कम्युनिटी कॉलेजची योजना राबवली. त्याशिवाय जुन्या वाटा आहेतच. आयटीआयमध्ये दहावीनंतर एक वर्षाचा 'कोपा' हा संगणकाचा ट्रेड आहे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा, आणि तो झाल्यावर इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते.

आणखी एक धडा आपल्याच धंद्यातला. वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांसाठी १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' योजना सुरू झाली. ऊस-नोंदीची, वजनाची माहिती गावातल्या संगणकावर मिळू लागली. पुढे २००६-०७ च्या सुमारास काही गावांत तेच काम मोबाईलच्या संदेशावर होऊ लागले. यंत्र बदलले, नोंद आणि हिशेब तोच राहिला. म्हणून नुसती बटणे दाबायला शिकलेला पोरगा यंत्राबरोबर मागे पडतो. मुळाचे काम शिकलेला नव्या यंत्रावरही उभा राहतो.

फी भरण्यापूर्वी विचारा

१) प्रमाणपत्र कोण देते? सरकारमान्य मंडळ, विद्यापीठ, की नुसता क्लासवाला?

२) या शिक्षणानंतर पुढे कोणत्या अभ्यासक्रमाच्या कोणत्या वर्षाला प्रवेश मिळतो? उत्तर लेखी घ्या, आणि त्या पुढच्या कॉलेजातही जाऊन खात्री करा.

३) मुलाला आठवड्यात किती तास स्वतः यंत्रावर बसायला मिळते? यंत्र उघडायला, जोडायला देतात, की लांबूनच दाखवतात?

४) मागच्या दोन वर्षांची मुले-मुली आज कुठे कामाला आहेत? त्यांतल्या दोघांना तरी स्वतः भेटा.

यांपैकी एकाचेही उत्तर धड मिळाले नाही, तर पैसे खिशातच ठेवा. मुलगी शिकणार असेल तरी हेच चार प्रश्न, बरं का. तिच्यासाठी 'जवळ आहे' एवढ्यावरच कोर्स ठरवू नये.

बेणे आणताना आपण मळा कुणाचा, वय किती महिन्यांचे, रोगबिग नाही ना, एवढे विचारल्याशिवाय एक कांडीसुद्धा उचलत नाही. पोराच्या दोन वर्षांसाठी तेवढी तरी विचारपूस करावी.