मालक म्हणतात, दुसरं घर बघा

प्रश्न : बॉस्टनजवळ शंभर वर्षं जुन्या लाकडी घरात आम्ही भाड्यानं राहतो. मुलगी दीड वर्षाची आहे. खिडक्यांच्या रंगाचे पापुद्रे निघतात. मालक म्हणतात, "शिशाची भीती वाटत असेल तर दुसरं घर बघा." काय करावं?

उत्तर : घाबरून घर सोडू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७१ पासून यासाठी कायदा आहे. १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल, तर शिशाच्या रंगाचा धोका काढणं किंवा झाकणं ही मालकाची जबाबदारी. शिशाचं कारण देऊन तुम्हाला बाहेर काढणं बेकायदा आहे. मला या कायद्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की मूल आजारी पडेपर्यंत थांबावं लागत नाही. मालकांना आजच लेखी कळवा. गावाच्या आरोग्य मंडळाकडे तपासणी मागा.

तोवर खिडकी सांभाळा. वरखाली सरकणारी जुनी तावदानं दर वेळी चौकटीला घासतात आणि बारीक धूळ खालच्या फळीवर साचते. तिथून ती मुलीच्या हाताला आणि हातातून तोंडात जाते. फळी ओल्या फडक्यानं पुसा. रंग स्वतः पॉलिश पेपरनं मुळीच घासू नका, त्यानं धूळ घरभर होते.

तिची रक्ततपासणी नवव्या ते बाराव्या महिन्यात व्हायला हवी होती. झाली नसेल तर याच आठवड्यात करा. पुढे दोन आणि तीन वर्षांची झाल्यावर पुन्हा. आकडा ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आला, तर डॉक्टरांशी लगेच बोला. शिशाची सुरक्षित पातळी अशी नसतेच. आणि हो, देशातून आणलेलं काजळ, कुंकू आणि सुटी हळद यांचाही डॉक्टरांकडे उल्लेख करा. त्यांतही शिसं सापडलेलं आहे.