छायाचित्राचे पूर्वरूप व उत्तररूप

मोहन्याच्या बंधाऱ्यापाशी उभे राहून उल्हास नदीचे छायाचित्र तुमच्यापैकी पुष्कळांनी टिपले असेल. ते मोबाईलवर उजळ करणे हा तर आता अंगठ्याचा खेळ झाला आहे. परंतु असे चित्र खरोखर सुधारले की नुसते बदलले, हे ठरवावयाचे कसे? त्यास उपाय एकच, तो म्हणजे पूर्वरूप व उत्तररूप ताडून पाहणे.

ह्या तुलनेची गरज का पडते, याचे कारण आपल्या डोळ्यांतच आहे. पिवळ्या दिव्याखाली काही वेळ बसलेल्या मनुष्यास पांढरा कागद पांढराच दिसतो, कारण डोळा त्या रंगास सरावतो. येथेही तसेच घडते. रंग किंचित गडद केला, डोळा सरावला, म्हणून आणखी किंचित केला. अर्ध्या तासाने काठचे गवत पोपटाच्या पिसासारखे झाले तरी कर्त्यास ते स्वाभाविकच वाटते! मूळ चित्र क्षणभर समोर आणले की भूल उतरते.

काचेच्या निगेटिव्हच्या काळी कारागीर बारीक पेन्सिलीने चेहऱ्यावरील सुरकुत्या व देवीचे व्रण बुजवीत. हात निगेटिव्हवरच फिरे, म्हणून पूर्वरूप बहुधा हरपत असे. आज ती अडचण नाही. स्नॅपसीडमध्ये चित्रावर बोट दाबून धरिले की मूळ दिसते, उचलले की बदललेले परत येते. तथापि मूळ प्रत निराळी जपून ठेवावी, कारण जेपेग चित्र बदलून पुनःपुन्हा साठविले म्हणजे दर खेपेस त्यातील बारकावे थोडे घटतात.

दोन्ही रूपे शेजारी मांडण्यापेक्षा एकाच जागी आलटून पालटून पाहावी, म्हणजे फरक चटकन जाणवतो. प्रथम सर्वांत उजळ भाग तपासावा. सामान्य चित्रात प्रत्येक बिंदूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगास ० ते २५५ पर्यंत अंक असतो. तिन्ही २५५ वर गेले की तेथे कोरा पांढरेपणा उरतो व ढगांचे पदर नाहीसे होतात. मग सावल्या पाहाव्या आणि त्यानंतर माणसांचे चेहरे. कित्येक साधने चेहरा आपोआप गोरा व गुळगुळीत करितात. सावळ्या मुलास गोरे करणे ह्यास मी सुधारणा म्हणणार नाही. त्याच्या आईपुढे दोन्ही रूपे ठेवा, ती आपला मुलगा कोणत्या चित्रात ओळखते ते पाहा.

पुसून टाकण्याचे साधन तर फारच जपून वापरावे. अमृतसरच्या जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी गोळीबार झाला. त्यानंतर छायाचित्रकार नारायण विनायक विरकर यांनी तेथील भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा टिपल्या. त्या चित्रावर आजचे डाग पुसणारे साधन फिरविले तर भिंत स्वच्छ दिसेल व साक्ष मात्र जाईल.

आपल्या नदीवर जलपर्णी पसरते. चित्रातून ती पुसून निळे पाणी दाखविणे आता सोपे आहे, आणि असे चित्र दिवाणखान्यात शोभेलही. परंतु तेच महानगरपालिकेकडे तक्रारीसोबत धाडावयाचे असेल, तर उजेड व तिरपेपणा एवढेच दुरुस्त करावे आणि मूळ प्रत सोबत जोडावी.